पाच ग्रॅमच्या फुलासाठी केवढी रॅकेट?

14 एप्रिल 2023 रोजी जपानमधल्या सोका शहरात भारताचा बॅडमिंटनपटू सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी याने मारलेला स्मॅश ताशी 565 किलोमीटर वेगाने निघाला. मुंबईच्या चिराग शेट्टीच्या या डबल्समधल्या जोडीदाराचं नाव त्यामुळे गिनेस बुकात गेलं. विक्रमाच्या वेळी त्याच्या हातात योनेक्सची नॅनोफ्लेअर 1000 झेड होती आणि कंपनीच्याच यादीत ही रॅकेट ‘हेड-लाइट’ म्हणून नोंदलेली आहे, म्हणजे डोक्याकडे, तारांच्या बाजूला हलकी. आपल्याकडे कुठल्याही क्रीडासाहित्याच्या दुकानात जा, सल्ला ठरलेला असतो: स्मॅश मारायचाय ना, मग हेड-हेवी घ्या. सल्ला अगदीच चुकीचा नाही, पण अर्धा आहे.

नियमाप्रमाणे पिसांचं फूल (शटल) 4.74 ते 5.50 ग्रॅमचं असतं आणि रॅकेट साधारण 75 ते 90 ग्रॅमची. फुलावर आदळताना रॅकेटचं सगळंच वजन कामी येत नाही. तारांच्या मध्यावर त्याचा परिणाम समजा 30 ग्रॅमइतका जाणवतो. हा परिणाम 10 टक्क्यांनी वाढवला, तर हिशेबाने फुलाचा वेग जेमतेम सव्वा टक्का वाढतो. उलट रॅकेटचं डोकं 10 टक्के जास्त वेगाने फिरलं, तर फुलाचा वेगही साधारण 10 टक्क्यांनी वाढतो. फूल मुळातच इतकं हलकं, की त्याला ढकलायला आणखी वजन आणून फारसं हाती लागत नाही. खरा खेळ डोक्याच्या वेगाचा.

म्हणून प्रश्न असा: ही रॅकेट माझा हात किती वेगाने फिरवू शकतो? याचं उत्तर रॅकेटवर छापलेलं नसतं. छापलेलं असतं ते 3यू, 4यू असं काहीतरी. योनेक्सच्या पद्धतीत 3यू म्हणजे 85 ते 89 ग्रॅम, 4यू म्हणजे 80 ते 84, 5यू म्हणजे 75 ते 79. आकडा जितका मोठा तितकी रॅकेट हलकी, हा उलटा हिशेब नवख्यांना हमखास गोंधळात टाकतो. शिवाय हे वजन बहुधा तारा आणि वरची ग्रिप धरून नसतं.

दुसरा आकडा तोलाचा. रॅकेट आडवी करून बोटावर तोलून धरायची आणि मुठीच्या बुडापासून तो बिंदू किती दूर आहे ते मोजायचं. ढोबळ मानाने 285 ते 295 मिलिमीटरच्या दरम्यान आला तर समतोल, पुढे सरकला तर हेड-हेवी, मागे राहिला तर हेड-लाइट. हॉलमध्ये रॅकेटवर ज्या चर्चा झडतात, त्यातल्या निम्म्या या एकाच आकड्यावर असतात. आणि हाच आकडा फसवतो.

घरी करून बघण्यासारखं आहे. 85 ग्रॅमची, 300 मिलिमीटरवर तोल असलेली हेड-हेवी रॅकेट घ्या. मुठीवर साधारण 5 ग्रॅमची ओव्हरग्रिप, म्हणजे मूळ ग्रिपवरची जादा पट्टी, गुंडाळा आणि पुन्हा बोटावर तोला. तोलबिंदू सुमारे 12 मिलिमीटर मागे, 288 च्या आसपास आलेला दिसेल. कागदोपत्री तुमची हेड-हेवी रॅकेट समतोल झाली! आता हवेत फिरवून बघा. काहीही फरक नाही. मग ती ग्रिप काढा आणि डोक्याच्या अगदी टोकाला 2 ग्रॅमची शिशाची पट्टी चिकटवा. या वेळी तोल 8-9 मिलिमीटरच हलला, तरी पहिल्याच झटक्याला हाताला कळतं.

कारण फिरणाऱ्या वस्तूच्या बाबतीत वजन किती यापेक्षा ते आसापासून किती दूर आहे याला महत्त्व जास्त, आणि तेही अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात. भौतिकशास्त्रात याला जडत्व आघूर्ण म्हणतात. हातापासून 60 सेंटिमीटरवरचा एक ग्रॅम 30 सेंटिमीटरवरच्या एका ग्रॅमच्या चौपट फिरायला जड जातो, आणि मुठीतला ग्रॅम जवळपास फुकट. वरच्या प्रयोगात ओव्हरग्रिपने रॅकेटचा फिरण्याचा जडपणा एक टक्काही वाढत नाही. टोकावरच्या पट्टीने तो 7-8 टक्क्यांनी वाढतो. तेव्हा दुकानात दोन रॅकेटी तोलून बघण्यापेक्षा दोन्ही डोक्यावरून चार-चार वेळा जोरात फिरवून बघाव्यात. तोंडाने आकडे सांगणाऱ्या विक्रेत्यापेक्षा खांदा जास्त खरं बोलतो.

मग हेड-हेवी कोणाला? ज्याचा हात मुळातच ताकदीचा आहे, ज्याचा वेग टोकाच्या दोन ग्रॅमनी घटत नाही, त्याला. डबल्समध्ये मागे राहून स्मॅशमागून स्मॅश मारणारा खेळाडू त्या जड डोक्याचा फायदा उठवतो, कारण त्याला हात मागे न्यायला वेळ मिळतो. नेटजवळच्या जोडीदाराला तो मिळत नाही. पाच मीटरवरून सरासरी ताशी 100 किलोमीटरने आलेली ड्राइव्ह, म्हणजे नेटवरून सपाट मारलेला फटका, पाव सेकंदाच्या आत त्याच्यापाशी पोचते. एवढ्यात बघायचं, ठरवायचं आणि रॅकेट आडवी आणायची. तिथे हलकं डोकंच कामाला येतं. सिंगल्सवाल्याला दोन्ही थोडंथोडं लागतं. तो समतोलाकडे वळतो ते म्हणून.

शाफ्टबद्दलही, म्हणजे मूठ आणि डोकं जोडणाऱ्या दांडीबद्दलही, एक गैरसमज आहे. लवचीक शाफ्ट फुलाला गोफणीसारखा भिरकावतो, असं सांगतात. पण फूल तारांना टेकतं जेमतेम एक-दोन मिलिसेकंद. तेवढ्यात वाकलेला शाफ्ट सरळ होऊन फुलाला ढकलेल, हे शक्य नाही. जे व्हायचं ते फूल लागण्याआधी होतं: हात झटका देतो, डोकं मागे राहतं, शाफ्ट वाकतो आणि सरळ होताना डोक्याला जादा वेग देतो. हे सरळ होणं नेमकं फूल लागण्याच्या क्षणी साधलं पाहिजे. सावकाश, लांब हात फिरवणाऱ्याला मऊ शाफ्टमध्ये ही वेळ साधते. हात आखूड फिरत असेल आणि झटका जोरात असेल, तर मऊ शाफ्ट मागे रेंगाळतो आणि फूल भलतीकडे जातं. अशा खेळाडूला ताठ शाफ्ट हवा. विक्रमातली ती नॅनोफ्लेअर अतिताठ गटातली आहे. तिचं हलकं डोकं आपल्याला मानवेलही, पण तो शाफ्ट हौशी हातात नुसती काठी होऊन बसतो. (आणि झटका म्हणजे निव्वळ मनगट नव्हे. मुख्य जोर खांद्याच्या आणि कोपराखालच्या हाताच्या पिळातून येतो. मनगट बिचारं उगाच श्रेय खातं.)

आपल्या हॉलमधली बहुतेक मंडळी संध्याकाळी नायलॉनच्या फुलाने डबल्स खेळतात. त्यांच्यासाठी माझं मत सरळ आहे: 4यू, समतोल किंवा किंचित हेड-लाइट, मध्यम शाफ्ट. आणि रॅकेटवर वाचवलेले पैसे गटिंगवर, म्हणजे तारा बसवून घेण्यावर घाला. नव्या महागड्या रॅकेटीच्या तारांना दुकानदार आपल्या मनाने काहीतरी ताण देतो आणि आपण तसाच चालवून घेतो, हे चित्र नेहमीचं. ताण कमी असला की तारा जास्त खोल दबतात आणि सावकाश हातालाही उसळी देतात. ताण वाढला की तारांचं पृष्ठ कडक होतं, नेमकेपणा येतो, पण नीट लागण्याची मधली जागा आक्रसते. व्यावसायिक खेळाडू 28 पौंडांच्या पुढे जातात, कारण त्यांचं फूल दरवेळी मध्यावरच लागतं. हौशी खेळाडूने 22 ते 24 पौंडांवर सुरुवात करावी, आणि फ्रेमवर छापलेली कमाल ताणाची मर्यादा गटिंगवाल्याला आधी वाचून दाखवावी. तारा तुटल्या नाहीत तरी त्यांचा ताण दिवसेंदिवस उतरत जातो. वर्षापूर्वीच्या 24 पौंडांना आज 24 समजू नये.