फुकट पीडीएफ ते बदलता येणारे पुस्तक

बालभारतीचे पाठ्यपुस्तक आज कुणालाही पैसे न देता मोबाइलवर उतरवून घेता येते. मुलगा घोडबंदर रोडच्या सोसायटीत राहणारा असो की दिघ्याच्या चाळीत, जूनच्या पहिल्या दिवशी पुस्तक हातात नसले तरी धडा वाचायला मिळतो. ही सोय फार मोलाची आहे. पण त्याच पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर एक सूचना असते: पुस्तकाचे सर्व हक्क मंडळाकडे आहेत आणि संचालकांच्या लेखी परवानगीशिवाय त्यातला कोणताही भाग उद्धृत करता येणार नाही. वाचायला कुणाची हरकत नाही. धडा दुरुस्त करून, त्यात आपल्या गावचे उदाहरण घालून तो पुन्हा छापायचा म्हटले की हात बांधलेले. हे हात सोडवण्याचे प्रयत्न जगात कसे झाले आणि मराठीपर्यंत त्यातले काय पोचले, याची ही मागची गोष्ट.

दुसऱ्याच्या पुस्तकातून आपले पुस्तक घडवणे मराठीला नवे नाही. १८२२ साली मुंबईत शालेय पुस्तके तयार करणारी संस्था उभी राहिली. तिच्या कामात कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी शास्त्रीमंडळींच्या मदतीने इंग्रजी गणिताची पुस्तके मराठीत आणली. नुसते भाषांतर करून भागणारे नव्हते. परिभाषा घडवायची होती, उदाहरणे इथली करायची होती. मराठी क्रमिक पुस्तकाचा पायाच असा घेण्या-बदलण्यावर उभा आहे.

पुढे ठाण्यात वि. ल. भावे यांनी १८९३ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू केले, आणि दहा वर्षांनी जुन्या कवींच्या हस्तलिखितांतले काव्य छापणारे ‘महाराष्ट्र कवि’ हे मासिक काढले. बाडांत आणि पोथ्यांत अडकलेला मजकूर छापून लोकांच्या हाती द्यायचा, हे काम आजच्या भाषेत सांगायचे तर खुल्या प्रकाशनाचेच होते. कायद्याची अडचण तिथे नव्हती. शेदोनशे वर्षांपूर्वीच्या कवीचा हक्क सांगायला कुणी येत नाही.

पाठ्यपुस्तकांची गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. देशाच्या शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या कोठारी आयोगाचा अहवाल १९६६ मध्ये आला आणि २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात बालभारतीची स्थापना झाली. राज्यभर एकसारखे, तपासलेले, स्वस्त पुस्तक मिळावे हा हेतू होता. त्या काळात तो निर्णय योग्यच होता असे मला वाटते. छपाई महाग होती आणि पुस्तक ट्रकने गावोगाव पोचवावे लागत होते. अशा वेळी सगळे हक्क एका मंडळाकडे ठेवले म्हणून नकली आणि चुकांनी भरलेल्या प्रती रोखण्याचा एक मार्ग हाती राहिला. मंडळाने स्थानिक गरज ओळखलीही. तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक जिल्ह्यानुसार वेगळे काढले गेले. ठाण्याच्या मुलाला ठाण्याचा नकाशा, साताऱ्याच्या मुलाला साताऱ्याचा. पण हा बदल वरून, मंडळाच्या कचेरीतून होत होता. वर्गातल्या बाईंना तो करता येत नव्हता.

बदलाचा हक्क वाचणाऱ्याला द्यायचा, हा विचार आला संगणकाच्या जगातून. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकी प्रोग्रामरने १९८३ मध्ये कुणालाही वापरता-बदलता येईल अशा सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला. १९८९ च्या जीपीएल परवान्याने प्रोग्राम वापरण्याचा, पाहण्याचा, बदलण्याचा आणि पुढे देण्याचा हक्क कागदावर आणला. डेव्हिड वायली या शिक्षणतज्ज्ञाने १९९८ मध्ये हाच विचार मजकुराला लावला. २००१ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स ही संस्था निघाली आणि डिसेंबर २००२ मध्ये तिचे पहिले परवाने आले. लेखकाने हक्क सोडून द्यायचे नाहीत, फक्त कोणत्या अटींवर कोण काय करू शकतो ते आधीच लिहून ठेवायचे, म्हणजे दर वेळी परवानगीचे पत्र नको. २००२ मध्येच युनेस्कोच्या पॅरिसमधल्या बैठकीत ‘मुक्त शैक्षणिक संसाधने’ या अर्थाची संज्ञा ठरली.

कायद्याचे कुलूप असे उघडले. तंत्राचे उरले होते. अमेरिकेत ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी शिकवणारे रिचर्ड बॅरानियुक यांनी १९९९ मध्ये कनेक्शन्स नावाचा प्रकल्प सुरू केला. पुस्तक म्हणजे अखंड ठोकळा न मानता छोटे छोटे पाठ करायचे आणि प्रत्येक पाठ एक्सएमएल या खुल्या पद्धतीत ठेवायचा. हे शीर्षक, ही व्याख्या, हे समीकरण, हा स्वाध्याय, असे प्रत्येक भागाला नाव दिलेले. त्यामुळे एका प्राध्यापकाचे पाठ दुसऱ्याने उचलावेत, क्रम बदलावा, दोन आपले घालावेत आणि त्यातून वेबपान किंवा छापील पुस्तक काढावे, हे शक्य झाले. मजकूर एकीकडे आणि पानाची मांडणी दुसरीकडे, ही फारकत या साऱ्या चळवळीचा तांत्रिक गाभा आहे. पीडीएफ नेमकी याच्या उलट असते. तिच्यात अक्षरे पानावर चिकटवलेली असतात. वाचायला उत्तम, बदलायला जवळजवळ निरुपयोगी.

कनेक्शन्सचा अनुभव मात्र पूर्ण गोड नव्हता. सुटे पाठ जमवून पुस्तक बांधायला बहुतेक शिक्षकांकडे वेळ नसतो. म्हणून २०१२ मध्ये त्याच विद्यापीठातून ओपनस्टॅक्स आले. तज्ज्ञांनी तपासलेली अख्खी पुस्तके, पहिली भौतिकशास्त्राची आणि समाजशास्त्राची. बदलायचे त्याने बदलावे, नाहीतर आहे तसे शिकवावे.

आपल्याला जवळचे उदाहरण मात्र मला अमेरिकेचे वाटत नाही, दक्षिण आफ्रिकेचे वाटते. २००२ च्या सुमारास केपटाऊनमध्ये मार्क हॉर्नर आणि इतर संशोधक विद्यार्थ्यांनी शाळेसाठी विज्ञानाची मुक्त पुस्तके लिहायला घेतली. पुढे ते काम सियावुला या संस्थेने हाती घेतले आणि २०१२ मध्ये तिथल्या शिक्षण खात्याने दहावी ते बारावीची गणित-विज्ञानाची ही पुस्तके छापून शाळांना वाटली. परवान्यातली त्यांची युक्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. प्रायोजकांची चिन्हे असलेली प्रत कितीही वाटा, पण बदलू नका. चिन्हे नसलेली प्रत हवी तशी बदला, फक्त श्रेय द्या. सरकारी छापखाना आणि खुला परवाना एकत्र नांदू शकतात, याचा यापेक्षा ठोस पुरावा दुसरा कोणता हवा?

भारतात याचा एक धागा वाशीच्या खाडीपुलापलीकडे सापडतो. पूल ओलांडला की मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. १३ ऑगस्ट २०१३ रोजी केंद्र सरकारने मुक्त शैक्षणिक संसाधनांचे राष्ट्रीय भांडार सुरू केले, त्याची तांत्रिक बांधणी या केंद्रातल्या प्रयोगशाळेच्या मुक्त सॉफ्टवेअरवर झाली. परवानाही उदार होता: बदला, वाटा, श्रेय द्या आणि तुमची आवृत्तीही याच अटींवर खुली ठेवा. पवईच्या आयआयटीतले स्पोकन ट्युटोरियल, म्हणजे सॉफ्टवेअर शिकवणारे बोलके पाठ, याच परवान्यावर चालते, आणि त्याचे पाठ मराठीतही आहेत.

२०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले, डेटा स्वस्त झाला. पुढच्याच सप्टेंबरात शालेय पाठांचा सरकारी दीक्षा मंच आला आणि पुस्तकांच्या पानांवर क्यूआर कोड दिसू लागले. दीक्षाच्या मुळाशी असलेले सनबर्ड हे सॉफ्टवेअर पूर्ण खुले आहे. यंत्रणा खुली, पण क्यूआर कोड ज्या छापील धड्यावर आहे तो धडा मात्र हक्क राखून ठेवलेला, अशी ही अर्धी वाट.

मराठीची स्वतःची एक अडचण होती आणि तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. जगातल्या लिप्यांना एकसारखे संकेत देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची, पण आपल्याकडच्या डीटीपीवाल्यांची कामे पुढे कितीतरी वर्षे जुन्या, आपापल्या सांकेतिक पद्धतीच्या फाँटांत होत राहिली. अशा फाइलीतला परिच्छेद उचलून दुसरीकडे चिकटवला की इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रांग उमटते. युनिकोड पीडीएफमधूनही वेलांट्या आणि जोडाक्षरे पुष्कळदा तुटून येतात. म्हणजे उद्या परवाना खुला झाला, तरी मूळ फाइल युनिकोडमध्ये मिळाल्याशिवाय शिक्षकाला सगळे पुन्हा टंकावे लागेल. साधने आज आहेत. लोहित, मुक्त आणि बालू हे खुले देवनागरी फाँट आहेत, आणि २००४ पासून झीटेक या अक्षरजुळणीच्या मुक्त सॉफ्टवेअरमुळे समीकरणांसकट देवनागरी पान नीट जुळवता येते. जुन्या ग्रंथांबाबतही हेच. ‘मराठी ग्रंथ संग्रहालय, ठाणे. स्थळप्रत’ असा शिक्का असलेली कितीतरी पुस्तके स्कॅन होऊन इंटरनेट अर्काइव्ह या ऑनलाइन ग्रंथालयावर आली आहेत. त्यांचा कॉपीराइट संपलेला असला, तरी ती पानांची छायाचित्रे आहेत. त्यांतला मजकूर हाती यायचा तर अक्षरओळख करून ओळ न् ओळ तपासावी लागते. मराठी विकिस्रोत या मुक्त ऑनलाइन ग्रंथालयावर स्वयंसेवक हेच काम करतात.

बदलाची गरज इतकी का, हे ऐरोलीला उभे राहिले की दिसते. समोर ठाणे खाडी, कांदळवन, हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे. २०१५ मध्ये हे अभयारण्य झाले आणि २०२२ मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. परिसंस्थेचा धडा शिकवताना मुलांना हेच दाखवावे, मीठ पाण्यात असूनही तिवराचे झाड जगते कसे हे इथल्याच पानाफांद्यांवरून समजवावे, कोळीवाड्यातल्या मुलाने आपल्या घरी म्हणतात ती माशांची नावे त्यात घालावीत. राज्यासाठी एकच पुस्तक लिहिणाऱ्याला हे जमणार नाही, आणि त्याच्याकडून ती अपेक्षाही नको.

असा पूरक धडा आज कायदेशीरपणे बांधता येतो, पण साहित्य निवडताना परवाने पाहावे लागतात. विकिपीडियाचा मजकूर घेतला, तर आपला धडाही त्याच खुल्या परवान्यावर द्यावा लागतो. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या खुल्या पाठांना आणि खान अकादमीच्या ऑनलाइन पाठांना अव्यावसायिक वापराची अट आहे. म्हणून विकिपीडिया आणि एमआयटी एकाच धड्यात मिसळून प्रसिद्ध करता येत नाही; दोघेही फुकट असले तरी अटी एकमेकींशी जुळत नाहीत. ओपनस्टॅक्सच्या अनेक पुस्तकांना फक्त श्रेयाची अट आहे, तिथून आकृती घेऊन तिच्यावर मराठी नावे घालता येतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या बालगोष्टींच्या संकेतस्थळावर २०१५ पासून मराठी गोष्टीही अशाच मिळतात, आणि भाषांतराचे साधन तिथेच असते. बालभारतीच्या धड्यातला परिच्छेद मात्र घ्यायचा तर आजही पुण्याला पत्रच लिहावे लागते.