पटवून देणं की घोळात घेणं?

एकाच माणसाला, एकाच कामासाठी, दोन साहेब कसं विचारतात ते आधी पाहू. काम त्याच्या नेहमीच्या जबाबदारीबाहेरचं आहे आणि दोन महिने चालणार आहे.

पहिले साहेब म्हणतात, "हे काम तुम्ही घ्यावं असं मला वाटतं. जुन्या फाइली तुम्ही हाताळल्या आहेत, दुसऱ्या कोणाला त्या समजून घेण्यातच तीन आठवडे जातील. रोज साधारण तासभर जास्त थांबावं लागेल आणि त्याचे वेगळे पैसे मिळणार नाहीत, हे आत्ताच सांगतो. जमणार नसेल तर आपण तारीख पुढे ढकलून मागू. मला थोडं ऐकून घ्यावं लागेल, पण तेवढंच. घरी विचार करा, परवा सांगा."

दुसरे साहेब म्हणतात, "अहो, हे तुमच्याशिवाय कोणाला जमणार? वर मी तुमचंच नाव सांगितलंय. बाकी सगळ्यांनी आपापला भाग उचललाय, आता फक्त तुमच्यापाशी अडलंय. फार काही नाही, थोडंसंच काम आहे. करताय ना? मग मी आत्ताच मेल टाकतो."

होकार दोघांनाही हवा आहे. दुसऱ्या साहेबांच्या बोलण्यात धडधडीत खोटं असं एकही वाक्य नसेलही. तरी पहिलं बोलणं पटवून देण्याचं आहे आणि दुसरं घोळात घेण्याचं, हे ऐकणाऱ्याला आतून कळतं. पण फरक नेमका कुठे आहे असं विचारलं, की बहुतेक जण भलत्याच ठिकाणी बोट ठेवतात.

सगळ्यात जास्त ऐकू येणारं उत्तर असं: पटवणारा मुद्द्याला धरून बोलतो, घोळात घेणारा भावनेला हात घालतो. हे मला मुळीच मान्य नाही. ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात श्रोत्याला पटवण्याची तीन साधनं सांगितली: बोलणाऱ्याची विश्वासार्हता, ऐकणाऱ्याच्या मनात जागणारी भावना आणि मांडलेला युक्तिवाद. भावनेला त्याने या यादीतून वगळलं नाही, आणि ते बरोबरच होतं. पुराचं पाणी चढत असेल तर लोकांना भीती वाटायलाच हवी. तिथे निर्विकार आवाजात पातळीचे आकडे वाचून दाखवणारा जास्त प्रामाणिक ठरत नाही. त्याने धोका प्रत्यक्षापेक्षा कमी भासवला, असाच त्याचा अर्थ होतो. भावना परिस्थितीला साजेशी आहे का, एवढं पाहायचं.

उलट, कारण दिल्याचा नुसता आव आणूनही माणसाला हलवता येतं. मानसशास्त्रज्ञ एलेन लँगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९७८ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग याबाबतीत बोलका आहे. झेरॉक्स काढायला आलेल्या माणसाला थांबवून विचारायचं, "माझी पाच पानं आहेत, मी आधी काढू का?" नुसतं एवढं विचारल्यावर ६० टक्के लोकांनी वाट दिली. "मला घाई आहे म्हणून" असं जोडल्यावर ९४ टक्क्यांनी. आणि "मला झेरॉक्स काढायच्या आहेत म्हणून" असं म्हटल्यावर? ९३ टक्क्यांनी. आता झेरॉक्सच्या मशीनपाशी येणाऱ्या प्रत्येकालाच झेरॉक्स काढायच्या असतात, तेव्हा हे कारणच नव्हे. वाक्य कारणासारखं ऐकू आलं, तेवढ्यावर काम झालं. पण पाच पानांऐवजी वीस पानं म्हटल्यावर चित्र पालटलं. पोकळ कारणाला मिळालेले होकार २४ टक्क्यांवर आले, म्हणजे वीस पानांसाठी काहीच कारण न देता मिळाले तितकेच. खऱ्या घाईला मात्र ४२ टक्के मिळाले. किंमत मोजायची वेळ आली की माणूस कान देऊन ऐकू लागतो, असा मी यातून अर्थ घेते. म्हणूनच घोळात घेणारा आधी किंमत लहान करून दाखवतो. दुसऱ्या साहेबांचं "थोडंसंच काम आहे" पुन्हा वाचा. पहिल्यांनी सांगितलेला "रोज तासभर" त्यात विरघळून गेला आहे.

दुसरं उत्तर जास्त फसवं आहे: खरं बोलतो तो पटवतो, खोटं बोलतो तो फसवतो. पण "नरो वा कुंजरो वा" ही युक्ती आपल्याला चांगली ओळखीची आहे. जुनी गाडी घेणारा विचारतो, "हिला कधी अपघात झालाय का?" विकणारा म्हणतो, "मी चालवत असताना एकदाही नाही." वाक्य शंभर टक्के खरं. आधीच्या मालकाने ती खांबावर घातली होती, हे मात्र वाक्याबाहेर राहिलं. भाषेचे तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांच्या १९७५ साली छापून आलेल्या निबंधात यामागची यंत्रणा नीट उलगडलेली आहे. संभाषणात आपण काही गोष्टी न बोलता गृहीत धरतो: समोरचा लागेल तेवढी माहिती देईल, स्वतःला खोटं वाटतं ते सांगणार नाही, विषयाला धरून बोलेल आणि स्पष्ट बोलेल. या भरवशाशिवाय दोन वाक्यंही पुढे सरकणार नाहीत. गाडी विकणाऱ्याने याच भरवशाचा फायदा घेतला. पुरेशी माहिती मिळाली असं गृहीत धरून ऐकणाऱ्याने उरलेली जागा स्वतःच भरली, आणि ती चुकीची भरली जाईल हे विकणाऱ्याला ठाऊक होतं. माझ्या लेखी हे खोटं बोलण्याइतकंच वाईट आहे, कदाचित थोडं जास्तच, कारण पुढे पकडलं गेल्यावर "मी कुठे खोटं बोललो?" म्हणायची सोय त्याने आधीच करून ठेवलेली असते.

इथे एक गोष्ट वेगळी काढायला हवी. अर्धवट सत्य दर वेळी मुद्दाम सांगितलेलं असतं असं नाही. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने इशारा दिला की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुपटीने वाढतो. दुप्पट हे खरंच होतं. पण कशाच्या दुप्पट? आधी ७,००० स्त्रियांमागे एकीला धोका होता, तो दोघींना झाला. ही दुसरी बाजू गोंगाटात हरवली. घाबरून असंख्य स्त्रियांनी गोळ्या सोडल्या, आणि त्यानंतरच्या वर्षात इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाले असा अंदाज आहे. गरोदरपणात गुठळीचा धोका त्या गोळ्यांपेक्षाही जास्त असतो, हे कळल्यावर तर जीव हळहळतो. इथे कोणाला घोळात घ्यायचं नव्हतं. तरी ऐकणाऱ्याच्या हाती निर्णयासाठी जे लागतं ते पोचलं नाही, आणि ही जबाबदारी सांगणाऱ्याचीच राहते. हेतू स्वच्छ असणं आणि बोलणं नीट असणं या दोन गोष्टी आहेत.

हेतूवरून आठवलं. "मी त्याच्या भल्यासाठीच केलं" हे तिसरं उत्तर, आणि माणसं याला सर्वात घट्ट धरून बसतात. मुलाने अमुक शाखा घ्यावी म्हणून आईवडील त्याच्यापुढे आपल्या आजारपणाचं थोडं वाढवून बोलतात. रुग्णाने शस्त्रक्रियेला हो म्हणावं म्हणून नातेवाईक पर्यायच सांगत नाहीत. प्रेम खरं असतं, म्हणून मन कचरतं, पण तरी सांगायला हवं: हेतू चांगला असला तरी ते घोळात घेणंच आहे. यात समोरच्याच्या वतीने निर्णय आधीच झालेला असतो, फक्त तो त्यानेच घेतला असं त्याला भासवायचं असतं. आणि तुमचा अंदाज चुकीचा असेल तर? ती चूक पकडू शकणारा एकमेव माणूस म्हणजे ज्याला ती भोगायची आहे तो, आणि त्याच्यापासूनच माहिती लपवलेली. दुसऱ्या महायुद्धानंतर माणसांवरच्या अमानुष प्रयोगांचा खटला चालला, तेव्हा १९४७ साली अशा प्रयोगांसाठीच्या नियमांची नुरेंबर्ग संहिता पुढे आली. तिच्या पहिल्याच कलमात संमतीच्या आड येणाऱ्या गोष्टींमध्ये बळजबरीच्या जोडीला फसवणूकही आहे. संमतीला मोकळीकही लागते आणि माहितीही लागते.

मग खरा फरक कुठे? माझं उत्तर असं आहे: पटवणारा जे करतोय ते समोरच्याला उघडपणे सांगता येतं, आणि सांगितल्यावरही त्याचं बोलणं तेवढंच चालतं. घोळात घेणाऱ्याचं काम ते उघड झालं की बिघडतं. पहिले साहेब म्हणू शकतात, "तुम्ही हो म्हणावं म्हणून मी जुन्या फाइलींचा मुद्दा पुढे करतोय." मुद्द्याचं वजन रतीभरही कमी होणार नाही. दुसऱ्यांनी म्हणून पाहावं, "तुम्हाला नाही म्हणायला अवघड जावं म्हणून मी सगळे तयार आहेत असं सांगतोय, आणि विचार करायला वेळ मिळू नये म्हणून आत्ताच मेल टाकतोय." पुढे बोलायला काही उरतच नाही.

ही कसोटी अवघड ठिकाणीही टिकते. डॉक्टरांचंच बघा. "या शस्त्रक्रियेतून १०० पैकी ९० जण वाचतात" आणि "१०० पैकी १० जण दगावतात" ही एकच माहिती. पण फुप्फुसाच्या कर्करोगाच्या उपचारांबद्दल असं दोन तऱ्हांनी विचारून केलेला एक अभ्यास १९८२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. दगावण्याचे आकडे ऐकलेल्यांना शस्त्रक्रिया कमी आकर्षक वाटली, आणि या परिणामातून खुद्द डॉक्टरही सुटले नाहीत. म्हणजे कोणत्या तरी बाजूने सांगावं लागणारच, तटस्थ असं वाक्यच नाही. मग प्रामाणिक डॉक्टरने काय करावं? दोन्ही बाजूंनी सांगावं: "शंभरातले नव्वद वाचतात, दहा दगावतात. मला विचाराल तर मी शस्त्रक्रिया करा म्हणेन, कारण तुमचं हृदय मजबूत आहे." स्वतःचं मत ठाम सांगितलं म्हणून ते घोळात घेणं होत नाही. मत कुठलं आणि माहिती कुठली, हे रुग्णाला दिसतंय ना, एवढं पुरे.

मोकळीक देण्याचाही डाव करता येतो, हे मला या विषयातलं सर्वात अस्वस्थ करणारं अंग वाटतं. निकोला गेगाँ आणि अलेक्सांद्र पास्कुआल या फ्रेंच संशोधकांनी २००० साली दाखवलं की मागणीला "पण देणं न देणं तुमच्यावर आहे" एवढं जोडल्यावर होकार पुष्कळ वाढतात. मग हे वाक्य पटवणाऱ्याचं की घोळात घेणाऱ्याचं? ते नकारानंतर कळतं. नाही म्हटल्यावर चेहरा पडला, दोन दिवस बोलणं तुटलं, पुढच्या वेळी कामं वाटताना तुमचं नाव मागे राहिलं, तर ती मोकळीक शब्दांपुरतीच होती.

मोबाइलच्या किंवा संगणकाच्या पडद्यावर हे सगळं आणखी बेमालूम होतं, कारण तिथे चेहराच नसतो. "नको, मला बचत करायची नाही" असं लिहिलेलं नकाराचं बटण, सदस्यत्व घ्यायला एक टिचकी आणि सोडायला पाच पानं, संपतच न येणारी "शेवटची दहा मिनिटं". वेबसाइटच्या रचनेवर काम करणारे हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० साली अशा रचनांना 'डार्क पॅटर्न्स' हे नाव दिलं. बटणावर नकाराचेही शब्द दुसऱ्यानेच लिहून ठेवलेले असतात आणि ते लाजवणारे असतात, याचा मला मनापासून राग येतो.

ऐकणाऱ्याच्या बाजूने एक साधा प्रश्न बराच उपयोगी पडतो: "उद्या सांगितलं तर चालेल?" पटवून देणाऱ्याला थांबायला सहसा हरकत नसते, कारण त्याचा मुद्दा रात्रीतून शिळा होत नाही. घोळात घेणारा चुळबुळतो, आवाज वाढवतो किंवा एकदम दुखावला जातो. मात्र मुदत कधीकधी खरीच असते, तेव्हा घाई करणारा प्रत्येक जण लबाड असं धरून चालू नये. खरी मुदत असेल तर ती का आहे हे त्याला सांगता येतं: अर्ज संध्याकाळी पाचला बंद होतात, नियम अमुक ठिकाणी लिहिलेला आहे, जाऊन बघा. आणि तुम्ही बघायला गेलात, तर तो तुम्हाला अडवत नाही.