नोन-होस्ट्स आणि ऑथोराइज्ड-कीज: कोणती फाईल कोणाला ओळखते?

अंबडच्या एमआयडीसीतल्या कारखान्याचा सर्व्हर नव्याने इन्स्टॉल केला, की गंगापूर रोडवर घरून एसएसएचने (दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे लॉगिन करायचं साधन) काम करणाऱ्या अ‍ॅडमिनच्या स्क्रीनवर लांबलचक इशारा येतो: रिमोट होस्टची ओळख बदलली आहे! नवशिकी मुलं अशा वेळी हमखास ऑथोराइज्ड-कीज ही फाईल उघडून बसतात. तिथे काहीच सापडणार नाही. इशारा दिलाय तो आपल्याच लॅपटॉपने, त्याच्या नोन-होस्ट्स फाईलवरून.

दोन्ही फायली डॉट-एसएसएच फोल्डरमध्ये असतात आणि दोन्हींत ओळीला एक चावी, म्हणून गल्लत होते. पण ओळीची सुरुवात नीट पाहा. नोन-होस्ट्समध्ये आधी सर्व्हरचं नाव किंवा आयपी (हॅशिंग चालू असेल तर न वाचता येणारी अक्षरं), मग चावीचा प्रकार, मग चावी. ऑथोराइज्ड-कीजमध्ये सर्व्हरचं नाव नसतंच. तिथे कुणाला आत घ्यायचं त्या लोकांच्या पब्लिक-की (चावीच्या जोडीतला उघड द्यायचा भाग) असतात आणि ती फाईल सर्व्हरवर असते. लॅपटॉप विचारतो, ‘समोरचा सर्व्हर खरा का?’ सर्व्हर विचारतो, ‘हा माणूस आपला का?’ ‘परमिशन डिनाइड, पब्लिक-की’ असं आलं, तरच सर्व्हरची फाईल आणि तिच्या परवानग्या तपासा.

इशारा आला की अख्खी नोन-होस्ट्स उडवून टाकायची सवय मला फार धोक्याची वाटते. एका सर्व्हरपायी बाकी सगळ्यांची ओळख पुसली जाते. सर्व्हरजवळच्या माणसाला फोन करा, सर्व्हरच्या चावीचा एसएचए२५६ फिंगरप्रिंट (चावीची छोटी ओळखखूण) वाचून घ्या, स्क्रीनवरच्याशी जुळला तर ‘एसएसएच-कीजेन’ या कमांडला कॅपिटल आर आणि होस्टचं नाव देऊन तेवढीच नोंद काढा. जुनी फाईल ‘ओल्ड’ नावाने शिल्लक राहते. मार्च २०२३ मध्ये गिटहब या कोड ठेवायच्या साइटने आपली आरएसए प्रकारची होस्ट-की (सर्व्हरची स्वतःची चावी) बदलली, कारण खासगी चावी एका सार्वजनिक रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) उघडी पडली होती. तेव्हा जगभर हाच इशारा दिसला आणि नवा फिंगरप्रिंट गिटहबने जाहीर केलेल्याशी ताडून पाहणं हाच खरा उपाय होता.

‘स्ट्रिक्ट-होस्ट-की-चेकिंग’ या सेटिंगला ‘नो’ करून इशारा गप्प बसवू नका. ओपनएसएसएच या एसएसएच सॉफ्टवेअरच्या ७.६ आवृत्तीपासून त्याच सेटिंगला ‘अ‍ॅक्सेप्ट-न्यू’ हा पर्याय आहे: नवा सर्व्हर न विचारता नोंदवतो, बदललेली चावी मात्र अडवतो. स्क्रिप्टसाठी तेवढं पुरतं.

सर्व्हर वाढले की फाईल हाताने सांभाळणं जमत नाही. मग पुढची गल्लत, कारण दोन्हींना ‘कमांड’, म्हणजे चाव्या पुरवणारा प्रोग्राम, जोडता येते. ऑथोराइज्ड-कीज-कमांड सर्व्हरच्या एसएसएचडी-कॉन्फिग या सेटिंगच्या फाईलमध्ये जाते. ती कोणत्या युजरच्या नावाने चालवायची हेही सांगावं लागतं. नोन-होस्ट्स-कमांड ओपनएसएसएचच्या २०२१ च्या ८.५ आवृत्तीत आली आणि ती आपल्या मशीनच्या एसएसएच-कॉन्फिगमध्ये लिहायची. आधी नेहमीच्या फायली वाचल्या जातात, मग ही कमांड चालते आणि नोन-होस्ट्सच्याच धाटणीच्या ओळी छापते. कमांडच्या ओळीत टक्का-कॅपिटल-एच लिहिलं की शोधायचं होस्टनाव मिळतं, म्हणजे कंपनीच्या मध्यवर्ती यादीतून नेमकी तेवढीच चावी काढता येते. एकाच जोडणीत ती एकाहून जास्त वेळा चालू शकते, त्यामुळे स्क्रिप्ट हलकी ठेवा. आणि होस्ट यादीत नसला तरी स्क्रिप्टमधून शून्य (सगळं ठीक) हाच कोड परत करा, कारण कमांड शून्याशिवाय दुसरा कोड देऊन संपली तर एसएसएच जोडणीच तोडतं.