मासा तळायचाय की मासा व्हायचंय?

सोलापुरात टॉवेल-चादरीच्या एक्स्पोर्टवाल्यांकडनं दिवसभर इंग्रजी मेल जातात, पोरं पुण्या-बेंगलोरच्या नोकऱ्यांचे अर्जही इंग्रजीतच टाकतात, आणि त्यात ‘बिगर फिश टू फ्राय’ आणि ‘बिग फिश इन अ स्मॉल पाँड’ या दोन फ्रेजची हमखास सरमिसळ होते. दोन्हीत मोठा मासा आहे, बाकी काही नातं नाही.

‘आय हॅव बिगर फिश टू फ्राय’ म्हणजे मला याहून महत्त्वाचं काम आहे, हे राहू दे. इथं मासा म्हणजे काम. जुनं रूप ‘अदर फिश टू फ्राय’, 17व्या शतकापासूनचं, त्यात नुसतं दुसरं काम आहे एवढंच येतं, पण ‘बिगर’ लागलं की समोरचं काम किरकोळ ठरतं आणि खरी गोची तिथंच होते. समजा जर्मनीच्या गिऱ्हाइकाने कळवलं की 200 टॉवेलांची किनार उसवलीय, आणि आपण लिहिलं ‘वी विल चेक, बट वी हॅव बिगर फिश टू फ्राय धिस वीक’. आपल्याला म्हणायचं असतं की या आठवड्यात मोठी ऑर्डर आहे, त्याला कळतं की तुझी तक्रार फालतू आहे! ज्याचं काम मागं ठेवतोय त्याला हे कधीच लिहू नका. आपसात बिनधास्त चालतं, म्हणजे लेबलच्या रंगावर वाद घालत बसू नका, शुक्रवारी कंटेनर भरायचाय, वी हॅव बिगर फिश टू फ्राय. ‘फिशेस’ नको, आणि ‘हॅव’च्या जागी ‘ॲम’ तर नकोच, कारण ‘आय ॲम अ बिगर फिश टू फ्राय’ म्हटलं की तळला जाणारा मासा तुम्हीच.

दुसऱ्या फ्रेजमधला मासा म्हणजे माणूस, छोट्या जागेतलं मोठं नाव. ‘वासरात लंगडी गाय शहाणी’ जवळची वाटते, पण गाय तिथं लंगडीच आहे, इंग्रजीतला मासा खरंच दमदार असू शकतो, तळं तेवढं लहान. हर्बर्ट मार्श या मानसशास्त्रज्ञाने 1980च्या दशकात यावरनंच एका परिणामाला नाव दिलं: तेवढ्याच हुशारीचं पोरगं जास्त हुशार पोरांच्या शाळेत गेलं की स्वतःला कमी समजायला लागतं. गावात पहिलं येऊन पुण्याला गेलेल्या पोरांना हे वेगळं सांगायला नको.

आता अर्जात ‘आधीची नोकरी का सोडताय’ या प्रश्नाला माझ्या मते दोन्ही नकोत, पहिलीनं आधीचं काम हलकं ठरतं, दुसरीनं आधीची माणसं. ‘माय लाँग-टर्म गोल इज टू वर्क इन टेक्स्टाइल डिझाइन’ असं सरळ लिहा आणि त्यासाठी आत्तापर्यंत काय केलंय ते पुढच्याच ओळीत टाका.