खऱ्या गुहेतून निघालेला खेळ

केवळ मजकुरावर चालणाऱ्या संगणकीय खेळांचा उगम अमेरिकेच्या केंटकी राज्यातील मॅमथ केव्ह या गुहासमूहात सापडतो. विल क्राउदर आणि त्यांच्या पत्नी पॅट हे दोघेही तेथील भुयारांच्या मोजणीत आणि नकाशे तयार करण्यात सहभागी असत. नोकरीच्या ठिकाणी मात्र क्राउदर हे इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेटची प्रणाली लिहिणाऱ्या गटात होते. घटस्फोटानंतर, १९७५च्या सुमारास, आपल्या मुलींना खेळता यावा म्हणून त्यांनी पीडीपी-१० या संगणकावर फोरट्रान भाषेत ‘अ‍ॅडव्हेंचर’ लिहिला. पडद्यावर जागेचे वर्णन उमटायचे आणि खेळणाऱ्याने एकदोन शब्दांची आज्ञा टाइप करायची, एवढीच त्याची रीत होती. गुहेच्या तोंडावरची लोखंडी जाळीसुद्धा त्यांनी खऱ्या जागेवरून उचलली होती.

यंत्राच्या मर्यादेचा ठसाही या खेळावर दिसतो. पीडीपी-१०च्या स्मृतीतील ३६ बिटांच्या एका घरात सात बिटांची पाचच इंग्रजी अक्षरे मावत, त्यामुळे खेळ प्रत्येक शब्दाची पहिली पाच अक्षरेच वाचत असे. ‘नॉर्थईस्ट’ असे पूर्ण टाइप केले, तर तो त्याला ‘नॉर्थ’च समजे, म्हणून ईशान्येसाठी ‘एनई’ लिहा, अशी सूचना खेळातच दिलेली होती.

१९७६मध्ये हा खेळ स्टॅनफर्डमधील डॉन वुड्स यांच्या हाती लागला. क्राउदर यांचा पत्ता ठाऊक नसल्याने त्यांनी अर्पानेटवरील एकूण एक संगणकावर ‘क्राउदर’ या नावाने पत्र धाडले (तेव्हाचे जाळे एवढे लहान होते, म्हणूनच हे जमले) आणि परवानगी मिळताच खेळ ३५० गुणांपर्यंत वाढवला.

त्याच्याच चढाओढीत १९७७मध्ये एमआयटीतील चौघांनी ‘झॉर्क’ रचण्यास घेतला; त्याला दोन शब्दांऐवजी पूर्ण वाक्ये कळत. १९७९मध्ये स्थापन झालेल्या इन्फोकॉमने तो घरगुती संगणकांवर आणला. त्यासाठी ‘झेड-मशीन’ नावाचे काल्पनिक यंत्र कल्पून खेळ एकदाच लिहायचा आणि प्रत्येक संगणकासाठी फक्त दुभाष्या (त्या यंत्राच्या आज्ञा खऱ्या संगणकाला समजावणारा प्रोग्रॅम) बदलायचा, ही तोड त्यांनी काढली. इन्फोकॉम १९८९मध्ये बंद पडली, तरी १९९३मध्ये ग्रॅहम नेल्सन यांनी ‘इन्फॉर्म’ ही भाषा त्याच यंत्रासाठी तयार केली आणि हौशी लेखकांना साधन मिळाले.

क्राउदर यांनी फक्त गुहा रेखाटली आणि जादू वुड्स यांनी घातली, असा समज दीर्घकाळ होता. २००५मध्ये स्टॅनफर्डच्या जुन्या साठ्यातून मूळ प्रोग्रॅम हाती आला, तेव्हा कुऱ्हाड फेकणारे बुटके त्यात आधीपासूनच होते.