अक्षरं नाचत नाहीत

धुळे-जळगाव पट्ट्यात मूल तिसरी-चौथीत जाऊनही अडखळत वाचत असेल, तर पालक शिक्षकाला हमखास विचारतात, "गुरुजी, मना पोऱ्याले अक्षरं उलटी दिसतस का?" हा प्रश्न आला तो डिसेंबर २००७ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'तारे जमीन पर'मुळे. त्या सिनेमाचे उपकार मोठे आहेत. त्याआधी अशा मुलाला 'ढ' आणि 'आळशी' हे दोनच शिक्के होते. त्यातला छोटा ईशान अवस्थी पडद्यावर आला आणि डिस्लेक्सिया, म्हणजे हुशार असूनही वाचन शिकताना येणारी अडचण, हा शब्द घरोघरी पोचला.

पण त्याच सिनेमातून एक गैरसमजही घरोघरी पोचला. वर्गात वाचायला सांगितल्यावर ईशान म्हणतो, अक्षरं नाचताहेत. पडद्यावर ती खरोखर नाचताना दिसतात आणि प्रेक्षकाला वाटतं, दोष डोळ्यांत आहे. मग पोराला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेतात. डोळे तपासलेले कधीही चांगलेच, पण नजर स्वच्छ निघाली की पालकांपुढं पुन्हा अंधार.

हा समज सिनेमाच्या फार आधीचा आहे. १८९६ मध्ये इंग्लंडमधल्या प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरनं पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या हुशार मुलाची हकीकत छापली. गणितात तरबेज, पण साधे शब्द वाचता येत नव्हते. तेव्हा या अडचणीला 'शब्दांधत्व' म्हणत. १९२५ मध्ये अमेरिकेतल्या सॅम्युएल ऑर्टन यांनी उलट्या अक्षरांवर बोट ठेवलं आणि ती कल्पना रुजली. तिला धक्का दिला १९७०च्या दशकात अमेरिकेतलेच मानसशास्त्रज्ञ फ्रँक वेल्युटिनो यांनी. त्यांनी वाचनात मागे पडलेल्या आणि चांगलं वाचणाऱ्या अशा दोन्ही मुलांना हिब्रू अक्षरं दाखवली. हिब्रू कोणालाच येत नव्हती. ती पाहून आठवणीनं काढायची होती आणि दोन्ही गट सारखेच निघाले. डोळ्यांना अक्षरं वेडीवाकडी दिसत असती, तर मागे पडलेली मुलं इथंही चुकली असती.

उलटी अक्षरं तर सहा-सात वर्षांपर्यंत जवळपास सगळीच मुलं काढतात. म्हशीचं तोंड डावीकडं असो की उजवीकडं, म्हैस तीच. आपली दृष्टी लाखो वर्षं याच हिशेबानं चालत आली. लिपी जेमतेम पाच हजार वर्षांची, त्यामुळं मेंदूत वाचनासाठी जन्मजात जागा नाही. वस्तू आणि चेहरे ओळखणाऱ्या भागाचा एक तुकडा, डाव्या बाजूला मागे आणि खालच्या अंगाला, सरावानं अक्षरांच्या कामाला लागतो. फ्रान्सचे मेंदू-संशोधक स्तानिस्लास देहान यांनी याचा सखोल अभ्यास केला आहे. वाचन वाढतं तशी अक्षरं उलटी करण्याची सवय मोडते. ज्याचं वाचनच अडलंय, त्याची ती टिकून राहते.

मग अडतं कुठं? बहुतेक मुलांच्या बाबतीत आवाजात. 'किती' हा शब्द आपण एका श्वासात म्हणतो. वाचायला शिकायचं तर त्याचे तुकडे ऐकू यायला हवेत: आधी कि आणि ती, मग क्, इ, त्, ई. बोलण्यात हे आवाज एकमेकांत मिसळलेले असतात. ते सुटे करून एकेक चिन्हाला जोडणं हे वाचनाचं मूळ काम, आणि डिस्लेक्सियात नेमकं तेच अवघड जातं. बोलणं मात्र शाबूत असतं. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी त्यांच्या ओव्यांत भाषेची कोणती कमतरता दिसते? बोली कानानं आपोआप येते, लिपी शिकवावी लागते.

आता तोच 'किती' कागदावर पाहा. डोळ्यांना आधी वेलांटी भेटते आणि मग क. जीभ मात्र आधी क् म्हणते आणि मग इ. म्हणजे मुलानं वेलांटी पाहायची, ती मनात धरून ठेवायची, क वाचायचा आणि मग वेलांटी त्याला लावायची. लगेच पुढच्या 'ती'मध्ये वेलांटी मागून येते. 'स्थिती'त तर पहिली वेलांटी आख्ख्या जोडाक्षराच्या आधी उभी, तिथं स् आणि थ् दोन्ही ओलांडून तिचा उच्चार करायचा. 'गर्दी'त याच्या उलट. र् उच्चारात द्-च्या आधी येतो, पण रफार जाऊन बसतो 'दी'च्या डोक्यावर, त्यामुळं डोळ्यांना तो शेवटी सापडतो. हिंदी वाचणाऱ्यांवरच्या एका अभ्यासात ऱ्हस्व वेलांटीचे शब्द उच्चारायला जास्त वेळ लागला आणि चुकाही जास्त झाल्या. कन्नड शाळांतल्या मुलांवरच्या सोनाली नाग यांच्या अभ्यासात अक्षरं पक्की व्हायचं काम चौथीपर्यंत चालू असलेलं आढळलं. आवाज मनात धरून ठेवणंच ज्याला कठीण, त्याला आपली लिपी पावलोपावली हेच करायला लावते. इंग्रजीतल्या बी-डीच्या गोंधळावरून मराठी पोराची पारख होणार नाही, ती वेलांटी, रफार आणि जोडाक्षरांत करावी लागेल.

यावर इलाज आहे आणि तो शिकवण्याचा आहे: आवाज सुटे करणं, टाळी वाजवून मोजणं, अक्षराला जोडणं आणि हेच पुनःपुन्हा. २००४ मध्ये अमेरिकेतल्या शेविट्झ दांपत्याच्या गटानं सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना असं शिकवलं, तेव्हा वाचन सुधारलंच, शिवाय मेंदूच्या चित्रणात तो डावा मागचा भागही जास्त काम करताना दिसला. एवढं ठोस काही हाताशी असताना लोक पोराला भगताकडं नेतात, नजर उतरवतात, याचं मला फार वाईट वाटतं. आणि 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'च्या नावाखाली डोळे बांधून वाचायला शिकवणारे वर्ग हजारो रुपये उकळतात, त्याची चीड येते. ती मुलं पट्टीखालच्या फटीतून वाचतात, बाकी काही नाही. अनुभवी माणूस शेजारी बसला आणि फट बुजवली की खेळ संपतो.

खानदेशात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. श्रुतलेखनाच्या वहीत 'शाळा'ऐवजी 'शाया', 'केळी'ऐवजी 'केयी', 'पाणी'ऐवजी 'पानी' दिसलं, की लाल शाईचा गोल पडतो. आता तर 'डिस्लेक्सिया असेल' अशी शंकाही येते. पण घरी अहिराणी किंवा लेवा बोली ऐकत वाढलेल्या मुलाच्या कानात ळ-च्या जागी य-च असतो. बहिणाबाईंचं 'मन वढाय वढाय' आपण कौतुकानं म्हणतो, त्यातला य हाच. ऐकलेला आवाज अचूक चिन्हात उतरवणाऱ्या या पोराची आवाज-अक्षर जोडणी उत्तम चाललेली आहे. त्याला फक्त शाळेची मराठी शिकायची आहे. याच्या उलट 'शाळा'चं 'शाला', मग 'शळा', पुढच्या ओळीत 'साळ', असं एकाच पानावर दरवेळी वेगळं येत असेल आणि महिनोन्‌महिने शिकवूनही तसंच राहत असेल, तर मात्र लक्ष द्यायला हवं.

मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं २०१५ मध्ये भारतीय भाषांसाठी डिस्लेक्सिया तपासणीचा संच आणला, त्यात पहिल्यापासून मराठी होती. अहिराणी घरातल्या मुलाला तो देण्याआधी शिक्षकानं त्याच्याशी पाच मिनिटं त्याच्या बोलीत खेळावं. 'केयी'मधून 'के' काढला तर काय उरलं? 'पानी'तला पहिला आवाज कोणता? पटापट उत्तरं आली तर मराठीचा सराव वाढवून काही महिने वाट पाहायला हरकत नाही. आईच्या बोलीतही तो अडखळला, तर थांबू नये, लगेच तपासणीला न्यावं. अध्ययन अक्षमता २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, आणि डिस्लेक्सिया तिच्यातच मोडतो. प्रमाणपत्र मिळालं की दहावीच्या पेपरला जादा वेळ आणि लेखनिक मागता येतो, आणि त्यासाठी नववी उजाडायची वाट पाहण्याचं काही कारण नाही.