भोपळ्यातला दिवा आणि घड्याळाचा सेल

दिवाळी जवळ आली की बेळगावच्या गल्ल्यांत मातीचे ढीग पडतात आणि पोरं किल्ल्याला लागतात. यंदा आमच्या गल्लीतल्या पोरांना किल्ल्याच्या दरवाजाशी भोपळ्याचा कंदील हवा होता. मोबाइलवर पाहिलेला. आयर्लंडमध्ये असे कंदील सलगमाचे करत. तिथली माणसं अमेरिकेत गेली, त्यांना भोपळा सापडला. मोठा, कोरायला सोपा. भोपळा मूळचा अमेरिका खंडातलाच, आपल्याकडंही तो पाहुणाच. आमची बाजारातली मावशी गिऱ्हाईक बघून त्याला कधी तांबडा भोपळा म्हणते, कधी कानडीत कुंबळकाई.

अख्ख्या भोपळ्याला पहिली सुरी बायकांनी लावू नये, असं आमची आज्जी म्हणायची. ते सोडून द्या. पोरांनी मात्र खरंच लावू नये. साल टणक आणि गोल. टोकदार सुरीला जोर लावला की ती आत शिरण्याऐवजी घसरते, आणि दुसरा हात नेमका वाटेत असतो. बारीक दात्यांची सुरी करवतीसारखी मागं-पुढं चालते, कमी जोरात कापते. तीही मोठ्यांच्याच हातात. भोक देठाकडं न पाडता बुडाला पाडावं, म्हणजे दिवा खाली ठेवून वरून भोपळा झाकता येतो.

पोरांचं काम पळीनं आतला गर खरवडायचं, आणि खरी गंमत तिथंच आहे. आरपार डोळे-तोंड कोरायची गरजच नाही. आतून खरवडून भिंत बोटभर जाडीची करायची, मग जिथं नक्षी हवी तिथली साल मोठ्यांनी तासून द्यायची. भोपळ्याचा सुमारे ९० टक्के भाग पाणी. पाण्यानं भरलेल्या असंख्य पेशींवर आपटत, वळत प्रकाश बाहेर येतो. भिंतच मंद उजळते. गरातलं कॅरोटीन हे केशरी रंगद्रव्य निळा प्रकाश गिळतं आणि पिवळा-तांबडा पुढं सोडतं, म्हणून आत पांढरा एलईडी ठेवला तरी बाहेर केशरी दिसतो.

भोपळ्याऐवजी कच्ची पपई कोरायचा मोह टाळा. तिचा चीक कातडीला आणि डोळ्यांना झोंबतो. संत्र्याच्या सालीत पणती ठेवणंही नको. सालीतलं तेल पेट घेतं. साल ज्योतीपाशी पिळली की तडतड ठिणग्या उडतात, त्या मोठ्यांनीच करून दाखवाव्यात.

साध्या मेणबत्तीतून सुमारे ८० वॅट ऊर्जा बाहेर पडते, बहुतेक सगळी उष्णता. एलईडीच्या छोट्या दिव्याला वॅटचा दहावा हिस्साही लागत नाही. म्हणून आम्ही मेणबत्ती बाद केली आणि निर्धास्त झालो. चूक तिथं झाली. दिवा हातातून पडला, बुडाचं झाकण उघडलं आणि घड्याळात असतो तसा रुपयाएवढा चपटा सेल घरंगळत तीन वर्षांच्या पोरीच्या पायाशी गेला.

हा सेल ३ व्होल्टचा. गिळला तर लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकू शकतो. दोन्ही बाजूंना ओला पडदा टेकला की वीज वाहू लागते आणि ऋण बाजूपाशी पाण्यापासून मांस जाळणारी तीव्र अल्कली तयार होते. सेल फुटावा लागत नाही, त्यातलं विष गळावं लागत नाही. दोन तासांत अन्ननलिका खोलवर भाजू शकते, आणि मूल सुरुवातीला नुसतं लाळ गाळतं किंवा खोकतं. घड्याळ बंद पडण्याइतपत उतरलेल्या सेलमध्येही तेवढा दम असतो.

शंका आली तरी उलटी काढायची नाही, वाट पाहायची नाही. एक्स-रे निघेल अशा इस्पितळात लगेच न्यायचं. वर्षावरच्या मुलाला वाटेत दोन चमचे मध देतात. त्यानं भाजणं मंदावतं, पण मध शोधायला थांबायचं नाही.

आम्ही मग झाकणाला स्क्रू असलेलेच दिवे आणले. स्क्रू नसेल तर पेन्सिल सेलचा दिवा बरा. तो सेल चुकून तोंडात गेला तरी सहजासहजी गिळला जात नाही.

तिसऱ्या दिवशी कोरलेल्या कडांना पांढरी बुरशी धरली आणि भोपळा म्हशीपुढं गेला. खरवडलेल्या गराचे घारगे पहिल्याच संध्याकाळी संपले होते.